डायोड नायट्रोजनमध्ये बुडालेला, तरी रीडिंग ८१ केल्विन: करंट सोर्स आणि वायरिंगमध्ये काय काय तपासायचं

आमच्या लॅबमध्ये वर्षभर एकच रडगाणं चालू होतं. क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे आतलं सगळं अतिथंड ठेवणाऱ्या भांड्यात, लिक्विड नायट्रोजन भरायचं, कॉपर ब्लॉकवर तापमान मोजायला लावलेला सिलिकॉन डायोड गार व्हायची वाट बघायची, अर्ध्या तासाने आकडा स्थिर व्हायचा आणि तो असायचा ८०.८ केल्विन. कधी ८०.२, कधी ८१. नायट्रोजन उकळतं ७७.३५ ला, मग हे वरचे साडेतीन केल्विन आले कुठून? आणि यात भर म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी एखादा डायोड कायमचा गप्प व्हायचा, मग आम्ही म्हणायचो बघा सेन्सरच खराब होता, नवीन लावायचो, पुन्हा ८०.८. असे तीन डायोड बदलल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं की तीन वेगवेगळे डायोड एकसारखं खोटं कसं बोलतील. सेन्सर बिचारा बरोबर होता, घोळ सगळा त्याला करंट देणाऱ्या सोर्समध्ये, मीटरमध्ये आणि मधल्या वायरींमध्ये होता. त्यात आम्ही काय काय शोधलं ते खाली सगळं लिहितोय, क्रम जसा सुचेल तसा आहे.

सेटअप नेहमीचाच, डायोडमधून ठरलेला करंट सोडायचा आणि त्यावरच्या व्होल्टेजवरून तापमान काढायचं. करंट सोर्सवर १० मायक्रोअँपिअर, चार वायरी, दोन करंटच्या आणि दोन व्होल्टेजच्या, व्होल्टेज वाचायला वेगळा डिजिटल मल्टीमीटर, आणि व्होल्टेजवरून टेबल बघून तापमान काढणारा छोटा प्रोग्रॅम.

पहिली गोष्ट, तो प्रोग्रॅम बंद करा आणि व्होल्ट बघा. केल्विनचा आकडा बघून काहीच कळत नाही कारण मधे टेबल आलं, इंटरपोलेशन आलं, कुणी चुकीच्या मॉडेलचं टेबल भरलंय का ते आलं. डीटी-६७० जातीचा डायोड असेल तर १० मायक्रोअँपिअरला ३०० केल्विनवर साधारण ०.५६ व्होल्ट, ७७ वर १.०२ आणि ४.२ वर १.५८ च्या आसपास मिळायला पाहिजे, हे तीन आकडे सोर्सच्या डोक्यावर कागदावर लिहून चिकटवा. आता मीटरवर शून्य दिसत असेल तर एक तर आउटपुट ऑफ आहे नाहीतर कुठेतरी शॉर्ट आहे. सोर्सचा कम्प्लायन्सचा (सोर्स जास्तीत जास्त किती व्होल्ट देईल ती मर्यादा) दिवा लागला असेल तर वायर तुटली आहे किंवा डायोड उलटा जोडलाय, आणि हे उलट्या जोडणीचं प्रकरण दिसतं त्यापेक्षा फार जास्त वेळा घडतं, आधी पोलॅरिटी बघा मग सोल्डरिंग गन उचला. आणि सगळं गार झाल्यावरही ०.५-०.६ व्होल्टच येत असेल तर डायोड ब्लॉकवरून सुटून हवेत, म्हणजे व्हॅक्यूममध्ये, लोंबकळतोय.

आमच्याकडे व्होल्टेज यायचं १.०१४. म्हणजे ६ मिलिव्होल्ट कमी. ७७ केल्विनला या डायोडचा उतार साधारण १.७३ मिलिव्होल्ट दर केल्विनला, म्हणजे ६ मिलिव्होल्टचे साडेतीन केल्विन झाले, हिशोब जुळला. गंमत म्हणजे हेच ६ मिलिव्होल्ट ४.२ केल्विनला चुकले तर उतार ३० च्या वर असल्यामुळे चूक दिसते फक्त ०.२ केल्विन, आणि तिथे कुणी तक्रारच करत नाही. त्यामुळे 'हेलियममध्ये तर बरोबर दाखवतो' हा पुरावा धरू नका, आम्ही धरला होता आणि त्यात दोन महिने गेले.

सेन्सरला दोष द्यायच्या आधी नायट्रोजनलाही विचारा. उघड्या भांड्यात बराच वेळ पडलेलं लिक्विड नायट्रोजन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, ऑक्सिजन उकळतो ९०.२ केल्विनला, त्यामुळे जुन्या लिक्विडचं तापमान हळूहळू वर सरकतं आणि डायोड खरं तेच सांगत असतो. जरा निळसर झाक दिसली तर ते लिक्विड कॅलिब्रेशनला वापरायचं नाहीच पण त्याच्या आसपास तेल, ग्रीस, कागद काही ठेवायचं नाही, ऑक्सिजन वाढलेलं लिक्विड पेट घ्यायला मदत करतं. हवेचा दाब पण बघा, दाब वातावरणाच्या १० टक्के कमी असेल तर उकळबिंदू साधारण ०.९ केल्विनने खाली येतो. आमचं लिक्विड ताजं होतं, दाब बघितला होता, त्यामुळे हा मार्ग लवकर बंद झाला.

मग सोर्स खरंच १० मायक्रोअँपिअर देतोय का ते तपासलं. सोपं आहे, सेन्सर काढून त्या जागी १०० किलोओहमचा चांगला, ०.०१ टक्केवाला रेझिस्टर लावायचा, १.०००० व्होल्ट यायला पाहिजे. आम्हाला आले ०.९९०. सगळे खूश, सापडला चोर, सोर्स एक टक्का कमी देतोय! एकाने तर सोर्स १०.१ वर सेट करून 'दुरुस्ती' पण केली. चोर भलताच होता. मल्टीमीटरचा इनपुट रेझिस्टन्स डिफॉल्टला १० मेगाओहमवर होता, आणि १०० किलोओहमला समांतर १० मेगाओहम म्हणजे ९९.०१ किलोओहम, म्हणून ०.९९०. बऱ्याच बेंच मीटरमध्ये मेनूत जाऊन १० गिगाओहमच्या वरचा हाय इम्पीडन्स मोड चालू करावा लागतो आणि काही मीटरमध्ये तो फक्त खालच्या रेंजला मिळतो, १०० व्होल्टच्या रेंजला मिळत नाही, आणि मीटर ऑटोरेंजवर असेल तर तुम्हाला न सांगता बदलतो. सोर्स परत १० वर आणून मोड बदलल्यावर १.०००० आले. म्हणजे सोर्स पहिल्यापासून बरोबर होता आणि ती 'दुरुस्ती' झाल्यापासून तो उगाच एक टक्का जास्त करंट देत होता.

याचा डायोडवर परिणाम किती? ७७ केल्विनला १.०२ व्होल्टवर १० मेगाओहमचा मीटर ०.१ मायक्रोअँपिअर स्वतः पितो, डायोडला उरतात ९.९. डायोडचं व्होल्टेज करंटप्रमाणे सरळ बदलत नाही, लॉगने बदलतं, त्यामुळे चूक येते साधारण ०.१२ मिलिव्होल्ट, म्हणजे ७० मिलीकेल्विन. साडेतीन केल्विनच्या मानाने काहीच नाही. पण १००-२०० मिलीकेल्विनचं भांडण असेल तर इथूनच सुरुवात करा.

दोन वायरींवर काम भागवणाऱ्यांसाठी एक ओळ. क्रायोस्टॅटमध्ये आपण बारीक फॉस्फर ब्राँझची वायर वापरतो कारण ती उष्णता कमी वाहते, पण ३६ गेजची असेल तर मीटरला साधारण १० ओहम, दोन मीटर जायला आणि दोन मीटर यायला धरले तर ४० ओहम. डायोडवर ०.४ मिलिव्होल्टची भर पडते, म्हणजे ०.२३ केल्विन. प्लॅटिनमच्या पीटी-१०० या रेझिस्टन्स सेन्सरवर तर विषयच संपला, ७७ केल्विनला त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स २० ओहमच्या जवळपास, त्यावर वायरीचे ४०. यात एक कामाची खूण आहे. डायोड गार होताना व्होल्टेज वाढतं, त्यामुळे वायरीचं जास्तीचं व्होल्टेज तापमान कमी दाखवतं. बाकीच्या बहुतेक चुका, नॉइज, ओलावा, मीटरचं लोडिंग, वायरीतून येणारी उष्णता, या सगळ्या तापमान जास्त दाखवतात. तेव्हा ताज्या नायट्रोजनमध्ये रीडिंग ७७ च्या खाली येत असेल तर चार वायरी खरंच सेन्सरपर्यंत जातात का, की वर कनेक्टरपाशीच दोन-दोन जोडून खाली दोनच सोडल्यात, ते उघडून बघा. आमच्या जुन्या इन्सर्टमध्ये (क्रायोस्टॅटमध्ये सोडायची, सेन्सर लावलेली दांडी) तसंच निघालं होतं, करणारा कधीच निघून गेलेला.

आता मुख्य गुन्हेगाराकडे येतो.

एक दिवस कुणीतरी हीटरचा पॉवर सप्लाय बंद केला. हीटरला करंट शून्यच होता, सप्लाय नुसता ऑन होता. बटण दाबलं आणि त्याच क्षणी रीडिंग ८०.८ वरून ७७.५ वर आलं. त्याच क्षणी, हे महत्त्वाचं आहे. कॉपरचा ठोकळा एका सेकंदात तीन केल्विन गार होत नाही, त्याला मिनिटं लागतात. रीडिंगने उडी मारली तर इलेक्ट्रिकल भानगड, आणि हळूहळू सरकलं तर थर्मल. आम्ही वर्षभर थर्मल भानगड शोधत होतो, ग्रीस बदल, स्क्रू आवळ, इंडियमची चकती घाल.

झालं काय होतं, हीटरचा सप्लाय स्विचिंगवाला, आणि त्याच्या वायरी सेन्सरच्या वायरींबरोबर एकाच बंडलमध्ये केबल टायने बांधलेल्या, नीटनेटकं दिसावं म्हणून. हीटरच्या वायरीतला नॉइज सेन्सरच्या वायरीत उतरत होता. आता रेझिस्टर असता तर एसी नॉइज सरासरीत शून्य झाला असता, मीटर जरा थरथरला असता इतकंच. डायोड हा शेवटी डायोडच, तो रेक्टिफाय करतो. एसीच्या वरच्या भागात करंट जितका वाढतो त्यापेक्षा खालच्या भागात कमी घटतो, सोर्स मात्र सरासरी करंट १० मायक्रोअँपिअरच ठेवतो, मग डीसी व्होल्टेज खाली सरकतं आणि डायोड गरम असल्यासारखा दिसतो. मीटर एकदम स्थिर, एकही आकडा हलत नाही, त्यामुळे नॉइजचा संशयही येत नाही. म्हणूनच हा प्रकार इतका फसवतो. साडेतीन केल्विनची चूक यायला ७७ वर साधारण १२-१३ मिलिव्होल्ट एसी पुरतो, फार नाही.

तपासायच्या दोन पद्धती. मीटर एसी व्होल्टवर टाकून सेन्सरच्या व्होल्टेज वायरींवर बघा, काही मिलिव्होल्ट दिसले तर समजा सापडलं, पण हाताच्या मीटरला वरच्या फ्रिक्वेन्सीचं दिसतच नाही, तेव्हा ऑसिलोस्कोप असेल तर तो लावा, फक्त त्याच्या प्रोबची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते आणि ती लावल्यावर नवीनच ग्राउंड लूप (अर्थच्या दोन वाटांमधून फिरणारा नको असलेला करंट) तयार होतो, त्यामुळे क्लिप कुठे लावताय ते बघून लावा. दुसरी पद्धत मला जास्त आवडते. आउटपुट ऑफ करून व्होल्टेजच्या दोन वायरींमध्ये १० मायक्रोफॅरडचा फिल्म कॅपॅसिटर समांतर लावायचा, मग आउटपुट ऑन. १० मायक्रोअँपिअरने तो एक व्होल्टला भरायला एक सेकंद लागतो, जरा थांबायचं, आणि डीसी रीडिंग आधीपेक्षा वेगळं आलं तर नॉइज आहे. एसी कॅपॅसिटरमधून निघून जातो आणि डायोडला फक्त डीसी उरतो. आमचं १.०१४ चं १.०१९ झालं, एका किरकोळ पार्टने वर्षाचं कोडं सोडवलं. कॅपॅसिटर काढतानाही आधी आउटपुट ऑफ, मग त्याची दोन टोकं एखाद्या रेझिस्टरने डिस्चार्ज, मग काढायचा, भरलेला कॅपॅसिटर घेऊन सेन्सरच्या पिनांवर टेकवायचा नाही.

कॅपॅसिटर कायम लावून ठेवावा का यावर आमच्यात दोन मतं आहेत. माझं मत नको, कारण मग खरं कारण तसंच राहतं आणि सेन्सर बदलताना त्या कॅपॅसिटरचा चार्ज डोक्यावर बसतो. आम्ही हीटरच्या वायरी पूर्ण वेगळ्या वाटेने नेल्या, सेन्सरच्या करंटच्या दोन वायरींचा एक पीळ आणि व्होल्टेजच्या दोनचा दुसरा पीळ दिला, बाहेरच्या केबलचं शील्ड फक्त सोर्सच्या बाजूला जोडलं, क्रायोस्टॅटच्या बाजूला मोकळं ठेवलं. दोन्ही टोकं जोडली की शील्डमधूनच लूप फिरतो आणि ५० किंवा ६० हर्ट्झचा पाहुणा घरात येतो. व्हॅक्यूम पंपाचा कंट्रोलर, फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, कॉम्प्युटरचा चार्जर, एकेक बंद करून रीडिंग बघत गेलो. चार्जरने ०.१ चा फरक पडत होता. आता सप्लाय ऑन असो वा ऑफ, ७७.४.

ग्राउंड लूपची अजून एक जागा म्हणजे सेन्सरची एखादी वायर आत कुठेतरी क्रायोस्टॅटच्या बॉडीला टेकणं. वायरीचा एनॅमल निघतो, ब्लॉकच्या कडेवर घासला जातो. प्रत्येक वायर आणि बॉडीमध्ये रेझिस्टन्स मोजा, १० मेगाओहमच्या वर पाहिजे. पण मोजताना सावध, मल्टीमीटर ओहमच्या खालच्या रेंजला स्वतःच १ मिलिअँपिअरच्या आसपास करंट ढकलतो, बरेचसे मीटर कंटिन्युइटीला पण तेच करतात, हे तुमच्या १० मायक्रोअँपिअरच्या शंभरपट झालं. बॉडीशी मोजताना वरची मेगाओहमची रेंज हाताने निवडा, ऑटो नको. आणि सेन्सरच्या दोन टोकांमध्ये ओहम मोजायचा मोह आवरा, त्यासाठी आपल्याकडे सोर्स आहेच.

ओलावा. इन्सर्ट गार असतानाच बाहेर काढला की कनेक्टरवर दव धरतं, पिनांच्या मधे पाण्याचा थर बसतो आणि तिथे एखाद मेगाओहमची गळती तयार होते. १ मेगाओहम म्हणजे १ मायक्रोअँपिअर, दहातला एक, डायोडच्या आधीच पळाला, ०.७ केल्विनच्या आसपास चूक. कोरड्या कोमट हवेने कनेक्टर वाळवायचा, पुरेसा वेळ द्यायचा, आणि पुढच्या वेळी इन्सर्ट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचाच नाही. सकाळी बरोबर आणि दुपारी चुकीचं असा प्रकार असेल तर पहिला संशय याच्यावर.

डायोड मरत का होते

लोक म्हणतात १० मायक्रोअँपिअरने काय मरणार. बरोबर आहे, १० मायक्रोअँपिअरने काही मरत नाही. पण मारणारा करंट तुम्ही सेट केलेला नसतोच. करंट सोर्सला सर्किट उघडं मिळालं की तो ठरलेला करंट ढकलायला व्होल्टेज वाढवत जातो, कम्प्लायन्सच्या मर्यादेपर्यंत. तीन मीटर केबल, मीटरला १०० पिकोफॅरड धरले तर ३०० पिकोफॅरड, ती ११ व्होल्टला भरायला १० मायक्रोअँपिअरला लागतो मिलिसेकंदाचा तिसरा हिस्सा. म्हणजे आउटपुट ऑन असताना तुम्ही कनेक्टर काढला तर तो हातात येईपर्यंत केबल पूर्ण भरलेली असते. आता तो परत सेन्सरला लावला की केबलमधला सगळा चार्ज एका दणक्यात सेन्सरमधून जातो आणि त्या क्षणी करंटला आवर घालणारं फक्त वायरीचं रेझिस्टन्स असतं, सोर्सचं त्यावर काही चालत नाही. ११ व्होल्टला ही ऊर्जा १८ नॅनोज्यूल, ठीक आहे, एखादे वेळी निभावतं. पण काही सोर्सचं कम्प्लायन्स १०५ व्होल्टपर्यंत सेट करता येतं आणि आमच्या सोर्सवर आधी कुणीतरी मोठ्या रेझिस्टन्सची मापं घेऊन ते तसंच ठेवून गेलं होतं. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे ९० पट. पातळ फिल्मच्या रेझिस्टन्स सेन्सरला असा दणका बसला तर तो मेला नाही तरी कॅलिब्रेशन सरकतं आणि ते मरण्यापेक्षा वाईट, कारण कळतच नाही.

आणि १०५ व्होल्ट तुम्हालाही लागू शकतात हे विसरू नका. १०० मिलिअँपिअर देऊ शकणारा, १०५ व्होल्टपर्यंत जाणारा सोर्स म्हणजे खेळणं नाही, उघड्या क्लिपा ओल्या हाताने पकडायच्या नाहीत.

दुसरा खुनी एककाचा. पॅनेलवर १० टाइप केलं आणि मायक्रोच्या जागी मिलीचं बटण दाबलं. हजारपट. हे आमच्याकडे एकदा नक्की झालंय कारण करणाऱ्याने स्वतः कबूल केलं, बाकी दोन डायोड कशाने गेले ते मेल्यावर कोण सांगणार. म्हणून काही सोर्समध्ये रेंज लॉक करता येते ती करा, किंवा प्रोग्रॅममधून सेट करत असाल तर ५० मायक्रोअँपिअरच्या वर आकडा आला की प्रोग्रॅमनेच नकार द्यावा अशी एक ओळ घाला. आणि पॉवर ऑन झाल्यावर सोर्स मागच्या वेळची सेटिंग आठवतो का शून्यावर येतो हे मॅन्युअलमध्ये बघून ठेवा, लाइट जाऊन आल्यावर याचं उत्तर फार महाग पडतं.

आता आमचा क्रम असा. सेन्सर जोडायच्या आधी सोर्स ऑन करायचा, अर्धा-एक तास गरम होऊ द्यायचा, आउटपुटला सेन्सर नाही, शॉर्टिंग प्लग लावलेला. करंट शून्य, रेंज हाताने निवडलेली, ऑटो नाही, कम्प्लायन्स सेन्सरला लागेल त्याच्यापेक्षा थोडंसंच वर, डायोडला ३-४ व्होल्ट भरपूर झाले. मग १०० किलोओहमवर १० मायक्रोअँपिअर तपासून पुन्हा शून्य, आउटपुट ऑफ, मगच सेन्सरचा कनेक्टर, मग आउटपुट ऑन, आणि करंट शून्यावरून वर. काढताना उलटं, करंट शून्य, आउटपुट ऑफ, मग कनेक्टर. आउटपुट ऑन असताना रेंज बदलायची नाही, रेंजच्या रिलेच्या खटक्याबरोबर झटका येऊ शकतो. एक बारीक गोष्ट, 'आउटपुट ऑफ' म्हणजे प्रत्येक सोर्समध्ये एकच नसतं, कुठे रिले उघडतो, कुठे नुसता करंट शून्य होतो आणि टर्मिनल तरंगत राहतात, आपल्या सोर्सचं काय आहे ते एकदा मीटर लावून बघून घ्या.

सोल्डर करताना सेन्सरच्या सगळ्या वायरी एकमेकींना पिळून शॉर्ट ठेवायच्या, सोल्डरिंग आयर्न अर्थ केलेलं, मनगटाला पट्टा. कोरड्या हवेत नायलॉनचं जॅकेट घालून आलेला माणूस मी सेन्सरजवळ येऊ देत नाही, ते लोक चिडतात, चिडू देत.

डायोड सोडून बाकीचे सेन्सर असतील तर

डायोडला १० मायक्रोअँपिअर ठरलेला आहे, कॅलिब्रेशन त्याच करंटला केलेलं असतं, त्यात हुशारी नको. रेझिस्टन्सवाल्या सेन्सरला मात्र करंट तुम्ही निवडायचा असतो. प्लॅटिनमला १ मिलिअँपिअर चालतो. सर्नॉक्ससारखे पातळ फिल्मचे रेझिस्टन्स सेन्सर गार होताना काही दहा ओहमवरून काही हजार ओहमवर जातात, आणि तिथे एकच करंट सगळीकडे वापरला की खाली सेल्फ हीटिंग होतं, म्हणजे मोजायच्या करंटनेच सेन्सर तापतो. ४.२ केल्विनला ५ किलोओहम झाला आणि तुम्ही १०० मायक्रोअँपिअर दिले तर सेन्सरमध्येच ५० मायक्रोवॉट जळतात, तो ब्लॉकचं नाही तर स्वतःचं तापमान सांगतो. १ मायक्रोअँपिअर दिलात तर ५ मिलिव्होल्ट सिग्नल आणि ५ नॅनोवॉट उष्णता. तिथे १० मिलिव्होल्टच्या आत राहायचं असा सर्वसाधारण नियम आम्ही पाळतो. खात्री करायची असेल तर करंट अर्धा करा, उष्णता पाव होते, रेझिस्टन्स बदलला तर सेल्फ हीटिंग होतं, नाही बदलला तर तुम्ही सुरक्षित.

करंट कमी केला की दुसरं भूत उठतं, थर्मल ईएमएफ. वेगवेगळ्या धातूंचे जोड वेगवेगळ्या तापमानाला आले की काही मायक्रोव्होल्ट फुकट मिळतात. डायोडच्या एका व्होल्टवर ५ मायक्रोव्होल्ट म्हणजे ३ मिलीकेल्विन, सोडून द्या. पण ६० ओहमच्या सेन्सरला १० मायक्रोअँपिअर देऊन ०.६ मिलिव्होल्ट वाचताय तर तेच ५ मायक्रोव्होल्ट जवळपास एक टक्का झाले. इलाज सोपा, करंट एकदा सुलटा आणि एकदा उलटा द्या, दोन व्होल्टेजची वजाबाकी करून दोनने भागा, ईएमएफ दिशा बदलत नाही म्हणून कटतो. डायोडवर हा प्रयोग करू नका, उलटा करंट त्यातून जाणारच नाही आणि सोर्स थेट कम्प्लायन्सला जाऊन बसेल. हसू नका, केलंय आम्ही. आणि कॉपरच्या लग्ज काळ्या पडल्या असतील तर घासून घ्या, कॉपर आणि कॉपर ऑक्साइडचा जोड खूपच मोठा ईएमएफ देतो.

लिक्विडबद्दल थोडं, कारण सगळे सोर्सकडे बघत असताना अपघात भांड्यापाशी होतो. एक लिटर लिक्विड नायट्रोजन उडून सुमारे ७०० लिटर गॅस होतो, लहान बंद खोलीत ऑक्सिजन खाली जातो आणि माणसाला काही कळायच्या आत तो पडतो, वास नाही, ठसका नाही. ऑक्सिजन मॉनिटर १९.५ टक्क्यांना ओरडला पाहिजे आणि ओरडला की आधी बाहेर, रीडिंग नंतर. एखादा बेशुद्ध पडला तर मागोमाग आत धावायचं नाही, दुसराही पडतो. हातमोजे ढिले, झटकन निघतील असे, तोंडावर फेस शील्ड, बुटांत पँट खोचलेली नको, सांडलेलं लिक्विड आत साचतं. भांड्याच्या तोंडाला बर्फाचं बूच बसलंय का ते रोज बघा. आणि डायोड बुडवायचा तो हळूहळू, वाफेत धरून मग लिक्विडमध्ये, एकदम बुडवला तर सोल्डर आणि पॅकेजला ताण बसतो.

सध्या आमचं ७७ चं दुखणं मिटलंय. हेलियमच्या बाजूला मात्र दुसरा डायोड अजून ०.३ केल्विन वर दाखवतोय, हीटर बंद करून, कॅपॅसिटर लावून, करंट तपासून सगळं झालं, उडी नाही, हळूहळू सरकतं, म्हणजे थर्मल. त्या डायोडच्या वायरी वरून सरळ खाली येतात, मधे कॉपरच्या बॉबिनला गुंडाळून जीई वार्निशने (थंडीत टिकणारं, वायरी चिकटवायचं वार्निश) चिकटवलेल्याच नाहीत, वरची उष्णता थेट सेन्सरच्या पायातून आत येत असणार. पुढच्या वॉर्मअपला क्रायोस्टॅट उघडून १५-२० सेंटीमीटर वायर ४ केल्विनच्या प्लेटवर गुंडाळणार आहे, तोपर्यंत त्या डायोडच्या रकान्यात लॉगबुकात पेन्सिलने लिहितो.